घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमधील थ्रॉटल आणि बटणांची जुळणी

घरच्या संगणकावर विमान उडवताना थ्रॉटलचे (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारे) दांडे, खटके, बटणे आणि फिरत्या गुंड्या सिम्युलेटरमधल्या नेमक्या क्रियांना जोडणे, त्यांचे माप बसवणे आणि बसलेले माप टिकवणे, या कामाला थ्रॉटल-बटणांची जुळणी म्हणतात. छंदवाले तिला नुसते ‘बाइंडिंग’ किंवा ‘सेटअप’ म्हणून मोकळे होतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ची. त्या मालिकेत आजही कीबोर्डवरून भागवता येते: एफ१ने इंजिन आयडलवर (किमान जोरावर), एफ४ने पूर्ण जोर. पण कळ दाबून सोडली की तिला स्वतःची जागा उरत नाही, दांड्याला असते. जुळणीतली बहुतेक दुखणी यातूनच निघतात. हातातला दांडा एका जागी असतो आणि सिम्युलेटर त्याला दुसऱ्याच जागी समजत असतो.

दांड्याची जागा संगणकाला आकड्याच्या रूपात कळते. स्वस्त उपकरणांत दांड्याच्या मुळाशी पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विजेचा रोध बदलणारा भाग, असतो. आतल्या पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की आकडा थरथरतो आणि दांडा स्थिर असूनही इंजिनाचे फेरे वरखाली होतात. महागड्या उपकरणांत चुंबक आणि त्याचे क्षेत्र न शिवता मोजणारा हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी १८७९मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो, आणि त्यात घासणारा भागच नसल्याने ही झीज होत नाही. दुसरा फरक बारकाव्याचा. दांड्याच्या चालीला संगणक ‘अक्ष’ म्हणतो; ८-बिट अक्षाला एकूण २५६ पायऱ्या मिळतात. दांड्याची चाल ८ सेंटिमीटर धरली तर एक पायरी सुमारे ०.३ मिलिमीटरची होते. १२-बिट अक्षाला त्याच चालीत ४,०९६ पायऱ्या मिळतात. प्रवासी विमान उडवणाऱ्याला ८-बिटचा फारसा त्रास होत नाही, पण हवेत इंधन भरणाऱ्या विमानामागे चिकटून राहायचे असेल तर होतो.

पहिले काम कॅलिब्रेशनचे, म्हणजे माप बसवण्याचे. दांडा दोन्ही टोकांना नेऊन आकडा खरोखर शून्याला आणि कमालीला पोहोचतो का, हे आधी विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत पाहावे. सिम्युलेटर त्यानंतर उघडावा, नाहीतर दोष उपकरणाचा की सिम्युलेटरचा हे कळतच नाही. टोके कमी पडत असतील तर टोकांना थोडा डेड झोन, म्हणजे हालचाल मोजलीच जात नाही असा पट्टा, द्यावा. मधला डेड झोन मात्र थ्रॉटलला देऊ नये. तो जॉयस्टिकसाठी असतो, कारण जॉयस्टिकला मध्य असतो. थ्रॉटलला तो दिला की ५० टक्क्यांच्या आसपास दांडा सरकतो आणि इंजिन ढिम्म राहते. संवेदनशीलतेचा वक्रही (दांडा किती सरकल्यावर किती परिणाम, हे ठरवणारा आलेख) सरळ रेषाच ठेवलेला बरा.

दिशा उलटी लागणे हा नेहमीचा प्रकार. इंजिन-पंख्याच्या छोट्या विमानांत थ्रॉटलची मूठ काळी, प्रॉपेलरची निळी आणि मिक्श्चरची (हवा-इंधनाच्या प्रमाणाची) लाल असते. लाल दांडा उलटा जोडला गेला तर ‘रिच’ करायला (इंधन वाढवायला) पुढे ढकलताच इंधन तुटते आणि इंजिन बंद पडते. नवखा माणूस तासभर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) तपासत बसतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये तर थ्रॉटल अक्षाचेच एकाहून अधिक प्रकार आहेत. एकात ० ते १०० टक्के अशी मोजणी असते, दुसऱ्यात उणे १०० ते १००. चुकीचा निवडला तर दांडा अर्ध्यावर येईपर्यंत काहीच घडत नाही, किंवा मागे ओढताच रिव्हर्स (उलटा जोर) लागतो.

एअरबसची जुळणी ही वेगळीच गोष्ट आहे. ए३२०च्या दांड्याला खाचा असतात: ० अंशावर आयडल, २५वर क्लाइम्ब (चढाई), ३५वर फ्लेक्स (उड्डाणाचा कमी केलेला जोर), ४५वर टोगा (पूर्ण जोर), आणि शून्याच्या मागे रिव्हर्स. उड्डाणानंतर दांडा क्लाइम्बच्या खाचेत आणून ठेवायचा आणि पुढे उतरेपर्यंत त्याला जवळजवळ हात लावायचा नाही. जोर ऑटोथ्रस्ट ही स्वयंचलित यंत्रणा सांभाळते. घरच्या उपकरणात खाच प्लॅस्टिकची असते आणि आकडा सेन्सरचा, आणि दोघांचे जमेलच असे नाही. समजा बोटाला ‘टक्’ असे जाणवले, पण सिम्युलेटरला पोहोचले २४ अंशच. मग समोरच्या पडद्यावर ‘एलव्हीआर सीएलबी’ (दांडा क्लाइम्बवर आणा) ही अक्षरे लुकलुकत राहतात आणि वैमानिक चक्रावतो, कारण त्याच्या लेखी दांडा खाचेतच आहे. उपाय असा की प्रत्येक खाचेला एक आकडा न देता पट्टा द्यायचा, खाचेच्या अलीकडून पलीकडपर्यंतचा. ए३२०च्या फ्लायबायवायर या मोफत विमानात यासाठी कॉकपिटमधल्या टॅबलेटवरच कॅलिब्रेशनचे पान दिलेले आहे. दांडा एकेका खाचेत ठेवायचा, आकडा नोंदवायचा, दोन्ही बाजूंना थोडी सूट सोडायची. डावा आणि उजवा दांडा वेगवेगळा नोंदवावा. दोन सेन्सर सहसा तंतोतंत सारखे नसतात.

बोइंग ७३७मध्ये अडचण याच्या उलट आहे. खऱ्या विमानात ऑटोथ्रॉटल मोटरच्या साह्याने दांडे स्वतः हलवतो. घरच्या दांड्याला मोटर क्वचितच असते, त्यामुळे तो उड्डाणाच्या वेळी जिथे होता तिथेच राहतो. उतरताना ऑटोथ्रॉटल काढला आणि दांडा किंचित हलला की सिम्युलेटर त्याची जागा खरी मानतो. धावपट्टीच्या तोंडाशी इंजिने एकदम गर्जतात. म्हणून काढण्याआधी दांडा अंदाजाने पडद्यावरच्या दांड्याच्या जागी आणून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

एका क्रियेचे दोन मालक असणे हा सगळ्यांत जास्त वेळ खाणारा दोष. नवे उपकरण लावले की सिम्युलेटर आपल्या मनाने काही जोडण्या करून ठेवतो. जॉयस्टिकच्या तळाशी असलेली छोटी सरकपट्टीही मग थ्रॉटल होऊन बसते, आणि मोठा दांडा पुढे असताना ती शून्याकडे ओढत राहते. एफएसयूआयपीसीसारख्या मधल्या प्रोग्रॅमने जोडणी केली असेल तर सिम्युलेटरमधली तीच जोडणी पुसलीच पाहिजे.

बटणांत पाहायचे ते हे की बटण दाबून सोडायचे आहे की खटका एका जागी राहणारा आहे. राहणाऱ्या खटक्याला ‘टॉगल’ आज्ञा देणे ही हमखास चूक. विमान सुरू होताना दिवा आधीच लागलेला असला की खटका ‘चालू’कडे नेताच तो विझतो, आणि पुढे पूर्ण उड्डाणभर सगळे उलटे चालते. त्याऐवजी ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा द्याव्यात. काही खटके एकाच बाजूला संकेत देतात. दुसरी बाजू म्हणजे ‘बटण सुटले’ एवढेच. तिथे बंदची आज्ञा सुटण्याला बांधावी लागते. तीन जागांच्या खटक्यातली मधली जागा बहुधा अशीच मुकी असते.

फिरत्या गुंडीचे दुखणे वेगळे. तिचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक छोटा संकेत. सिम्युलेटर सेकंदाला ३० चित्रे काढत असेल तर एका चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. २० मिलिसेकंदांचा संकेत दोन चित्रांच्या मधे हरवू शकतो. म्हणून दिशा-गुंडी भरभर फिरवली की आकडा मागे पडतो. संकेताची लांबी वाढवली की हे थांबते, पण गुंडी मग थोडी सुस्त वाटते.

काय कुठे लावावे याला एकच नियम नाही, तरी हात दांड्यावर असताना ज्या गोष्टी लागतात त्या आधी: ट्रिम (विमानाचा तोल बसवणे), ब्रेक, ऑटोपायलट तोडणे, टोगा, रिव्हर्स. जमिनीवरची वीज जोडणे वगैरे माउसवर सोडून द्यावे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आणि चाके यांचे खटके हाताला वेगळे लागले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानाचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच वर घेत, कारण दोन्ही खटके शेजारी आणि सारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी एकाला चाकाचा आणि दुसऱ्याला पाचरीचा आकार सुचवला. डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवून घरात बसलेल्यालाही ही युक्ती तेवढीच कामाची आहे. बटणावर चिकटवलेला रबराचा तुकडाही पुरतो.

स्वतः पॅनेल बनवणारे बहुधा आर्दुइनो लिओनार्दो किंवा प्रो मायक्रो या छोट्या सर्किट-पाट्या वापरतात, कारण त्यांतली एटीमेगा३२यू४ चिप संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसू शकते. ६ ओळी आणि ६ स्तंभांच्या जाळ्यात १२ तारांवर ३६ बटणे बसतात. प्रत्येक बटणाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला नाही तर तीन बटणे एकदम दाबल्यावर चौथे भुतासारखे उमटते. पोटेन्शिओमीटर घेताना लिनिअर (सारख्या प्रमाणात वाढणारा) घ्यावा. आवाज कमी-जास्त करण्याचा लॉग प्रकार घेतला तर सगळा फरक एका टोकाला गोळा होतो. शिवाय तो सुमारे ३०० अंश फिरतो आणि दांडा फिरतो जेमतेम ६०. म्हणजे १०-बिटच्या १,०२४ पायऱ्यांतल्या दोनशेच हाती लागतात. दातेरी चाकांची जोडी घालून ही चाल वाढवता येते, पण चाकांमधली ढिलाई मग खाचेपाशी जाणवते.

जुळणी झाली की प्रोफाइलची (सगळ्या जोडण्यांच्या नोंदीची) प्रत वेगळी जपून ठेवावी आणि उपकरण नेहमी त्याच यूएसबी पोर्टमध्ये लावावे. पोर्ट बदलल्यावर काही उपकरणे विंडोजला नवी वाटतात आणि साऱ्या जोडण्या रिकाम्या दिसतात. उड्डाणाच्या मध्यात दांडे मरत असतील तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवण्याची विंडोजची सोय बंद करून पाहावी.