वाण आणि जात (इंदूर)

पिकाचा वाण आणि जनावराची जात ही दोन्ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली रूपे. जीवशास्त्रातली 'जाती' ही त्यांच्या वरची पायरी. माळवी, निमाडी आणि गीर या गाईंच्या जाती वेगळ्या, पण जीवशास्त्रातली 'जाती' एकच. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच जात म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

इंदूरच्या घरांत दाळ-बाफल्यांसाठी (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे) दळून आणतात तो कठिया गहू. महाराष्ट्रातला बन्सी त्याच्याच जातीतला. कठियाचा दाणा दाताखाली कडकन फुटतो, आतून काचेसारखा दिसतो. पोळीचा गहू बहुधा आतून पिठूळ निघतो. हा फरक नुसत्या वाणाचा नाही: कठियात २८ गुणसूत्रे, पोळीच्या गव्हात ४२. वाण येतात ते त्याखाली. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचा एचआय ८४९८ हा कठियाचा वाण, एचआय १५४४ पोळीच्या गव्हाचा.

कापसाचे कोडे याहून अवघड होते. पानांच्या खाचा, फुलाचा रंग, सरकीवरचे तंतू पाहून जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुष्कळ जाती मानल्या होत्या. १९२४ साली इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. हॉवर्ड यांचे नाव कंपोस्टच्या इंदूर पद्धतीमुळे सर्वांना ठाऊक आहे, पण याच संस्थेत १९३३ ते १९३७ या काळात काम केलेल्या जे. बी. हचिन्सन यांचे काम तितकेच मोलाचे. त्यांनी आणि घोष यांनी १९३७ साली आशिया-आफ्रिकेतल्या देशी कापसाचा पसारा दोन जातींत आणला. दोन्हींत गुणसूत्रे २६, तर अमेरिकन कापसात ५२. म्हणून देशी-अमेरिकन संकराचे झाड बहुधा वांझ निघते.

गव्हाचे फूल आपल्याच परागाने फळते, त्यामुळे निवडलेल्या ओंबीचे बी पुढेही बहुतेक तसेच उगवते. गाईचे तसे नाही. प्रत्येक वासरात निम्मा वाटा वळूचा असतो. जात टिकते ती कळपात. निमाडी गाईत गीर आणि खिल्लार या दोन्हींचे रक्त मानतात. तिचा रंग तांबूस, अंगावर पांढरे ठिपके. माळवी पांढरट-राखाडी, बैलाची मान, खांदे आणि वशिंड काळपट. काळ्या जमिनीत ओढकामासाठी घडलेली ही जात दुधाला बेताची. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम गेले आणि गावात माळवी वळू ठेवण्याचे कारणही उरले नाही. आज या जातीची खरी काळजी करायला हवी ती याचमुळे.