पोट नाजूक असणाऱ्यांसाठी कुकरमधलं चिकन

डॉक्टरांनी 'तेल-तिखट बंद' सांगितलं की बऱ्याच घरांत चिकनही बंद होतं. सहसा तेवढी गरज नसते. चिकनच्या मांसात पिष्ट नाही, भाजी-धान्यातला चोथा (फायबर) नाही, त्यामुळे गॅस धरणारं त्यात फारसं काही नाही. त्रास होतो तो कातडीच्या चरबीचा, तर्रीचा, लाल तिखटाचा आणि वाटणातल्या कांदा-लसणाचा. रस्सा करताना आपण चिकन आधी हळद-मीठ घालून अळणी शिजवतो, मसाला नंतर पडतो. पथ्याचं ताट या अळणीवरच थांबवायचं आणि उरलेल्यात बाकीच्यांसाठी वाटण घालायचं. घरात दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत.

कोणता भाग घ्यायचा

ॲसिडिटी आणि छातीत जळजळ असणाऱ्यांना, पित्ताशय काढलेल्यांना चरबी कमी हवी. चरबीमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि आम्ल वर येत राहतं. पित्ताशय नसलं की पित्त साठत नाही, त्यामुळे एका वेळी जास्त चरबी झेपत नाही. अशांनी ब्रेस्ट घ्यावं. पण ब्रेस्ट कुकरमध्ये सगळ्यात लवकर बिघडतं. कुकरच्या आत सुमारे 120 अंश तापमान असतं. तेवढ्या उष्णतेत ब्रेस्टचे तंतू आकसून पाणी सोडतात आणि मांसाचे कोरडे दोरे होतात. ते नीट चावले जात नाहीत आणि पोटात जड पडतात. तंगडी आणि मांडीत तंतूंना बांधणारा चिवट भाग जास्त असतो. तो शिजून विरघळतो, म्हणून हे तुकडे मऊ राहतात. कातडी आणि कडेची पिवळी चरबी काढली तर बहुतेकांना मांडी चालते.

मूळ कृती : अळणी

बिनकातडीचे हाडासकट तुकडे 500 ग्रॅम, पाणी 600 मिली, तेल 2 चहाचे चमचे, जिरे अर्धा चमचा, ठेचलेलं आलं एक इंच, हळद पाव चमचा, मीठ पाऊण चमचा. तीन लिटरच्या कुकरला हे प्रमाण बरोबर बसतं. तेलात जिरे, आलं, हळद परता, चिकन घालून बाहेरून पांढरं होईपर्यंत हलवा, मग पाणी आणि मीठ घाला. उकळी आल्यावर वर येणारा फेस काढून टाका आणि झाकण लावा.

शिट्ट्यांपेक्षा मिनिटं मोजा. शिट्टी किती वेळाने होते हे आचेवर आणि कुकरच्या आकारावर असतं, त्यामुळे शेजारच्यांच्या तीन शिट्ट्या तुमच्या कुकरला लागू पडतीलच असं नाही. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि तिथून मोजायला लागा. ब्रॉयलरच्या तंगडी-मांडीला 8 मिनिटं पुरतात, गावरानाला 20 ते 25 लागतात. ब्रेस्टचे तीन सेंटिमीटरचे तुकडे असतील तर पहिल्या शिट्टीलाच गॅस बंद करा, उरलेलं आतल्या वाफेवर शिजतं.

घाईत शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम उतरला की आतलं पाणी खळखळून उकळतं, मांसातला ओलावा निघून जातो आणि मऊ झालेला तुकडाही कोरडा लागतो. दहा-बारा मिनिटं थांबा, वाफ आपोआप जिरू द्या. तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा हवा असेल तर तो झाकण उघडल्यावर आणा; आधी घातलं तर तळाला लागतं. दहीही नंतरच, गॅस बंद करून, नाहीतर फाटतं.

चरबी आणखी कमी करायची असेल तर पाणी गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पिवळट थर गोठलेला असतो, तो चमच्याने उचलून टाका.

कांदा-लसूण : सगळ्यांत जास्त चूक इथे होते

आयबीएस (पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठता अशी आतड्यांची जुनी तक्रार) असलेल्या अनेकांना कांदा-लसणातल्या फ्रुक्टान नावाच्या घटकाने पोट फुगतं, कळा येतात. हा घटक पाण्यात विरघळतो. म्हणून अख्खा कांदा कुकरमध्ये टाकून नंतर काढून घेतला तरी उपयोग नाही, तो रसात उतरलेला असतो. तेलात मात्र तो विरघळत नाही. लसणाची चव हवी असेल तर तीन-चार पाकळ्या तेलात मंद आचेवर तांबूस करा आणि पाणी किंवा चिकन घालण्याच्या आधीच सगळ्या उचलून टाका. हे तेल त्या वेळेपुरतंच करा. लसणाचं तेल बाहेर साठवून ठेवणं धोक्याचं आहे, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग वापरा. तयार आलं-लसूण पेस्ट, चिकन मसाला आणि सूपचे क्यूब यांत बहुधा कांदा-लसणाची पूड असतेच.

सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल तर हिंगाकडे बघा. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. वेष्टन वाचून गव्हाशिवायचा घ्या. ज्वारी-तांदळाचं पीठही गिरणीत गव्हानंतर दळलेलं नको, त्यात गहू उतरतोच.

जळजळ असणाऱ्यांनी टोमॅटो, चिंच, लाल तिखट वगळावं, मिरीसुद्धा चिमूटभरच. जेवण थोडं घ्या आणि झोपण्याच्या किमान तीन तास आधी उरका.

चिकनचा गुरगुट्या भात

पोट बिघडून गेल्यावर किंवा पचन मंद असताना हा सगळ्यांत सोपा. धुतलेला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ 100 ग्रॅम, ब्रेस्टचा खिमा 150 ग्रॅम, चरबी काढलेलं अळणी पाणी 700 मिली, एक गाजर बारीक चिरून, तूप एक चमचा. अळणी पाण्यात मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ चाखूनच. खिमा थोड्या थंड पाण्यात आधी हाताने मोकळा करा. गरम पाण्यात सरळ टाकला तर त्याची ढेकळं होतात. मध्यम आचेवर एक शिट्टी, मग बारीक आचेवर 10 मिनिटं. कुकर निम्म्याच्या वर भरू नका. तांदळाचा फेस शिट्टीच्या नळीत अडकला तर वाफ कोंडते. प्रत्येक वापरानंतर नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. रबर कडक झालं असेल तर बदला.

गाजराच्या जागी दुधी घालणार असाल तर कच्च्या दुधीचा छोटासा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीतलं विष शिजवूनही जात नाही, त्याने जोराच्या उलट्या होतात आणि आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो.

शिजलेलं चिकन आणि भात दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी वाफाळेपर्यंत गरम करून संपवा. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जंतूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते परत गरम केल्यानेही जात नाही. कच्चं चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच, सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकून. धुवायचं असेल तर भांड्यात धुवा. नळाखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर उडतात.

शौचातून रक्त, काळी शी, गिळताना अडकणं, उगाच वजन घटणं यांपैकी काही असेल तर पथ्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमच्या चिकनच्या दुकानात ऑर्डर देताना 'पथ्याचं कटिंग' असं सांगा. कातडी, शेपटीचा भाग आणि पिवळी चरबी काढून देऊ. ब्रेस्टचे तुकडे एकाच मापाचे, म्हणजे सगळे एकाच वेळी शिजतील. खिमा हवा असेल तर मशीन धुऊन, फक्त ब्रेस्टचा, तुमच्यासमोर करून मिळेल.