बोरिंगचा लाल पट्टा आणि रियुनियनची भट्टी

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे बोरिंग केलं. इंदूरला एप्रिल लागला की गल्लीत बोरिंगची गाडी उभी राहतेच आणि शेजारचे सगळे चहाचे कप घेऊन बघायला हजर. आधी काळी माती, मग मुरूम, मग तासन्‌तास नुसती करडी भुकटी, आणि मध्येच एकदम विटकरी लाल धूळ उडायला लागली, वाळत घातलेल्या चादरी लाल, आई वैतागली, आणि थोड्या वेळाने परत करडं सुरू. मशीनवाला म्हणाला, "बाबूजी, चार फीट का लाल पट्टा था, अब फिर काला पत्थर." त्याला पाण्याशी मतलब, मी मात्र त्या लाल पट्ट्यातच अडकलो.

करडी भुकटी म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हाच. पाताळपाणीच्या धबधब्याचा काळा कडा बघितलाय ना, तोच दगड. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकावर एक साचत गेले, झीज होऊन आज जे उरलंय तेसुद्धा 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आपला माळवा त्यातच आला. दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला की ऊन-पावसाने वरचा दगड कुजून लाल होतो, म्हणजे लाल पट्टा हा ज्वालामुखीने घेतलेला ब्रेक!

आता गंमत बघा, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ज्या भट्टीतून हे सगळं आलं ती अजून पेटलेली आहे. शिलाईच्या मशीनमध्ये सुई जागच्या जागी असते आणि कापड पुढे सरकतं, तसा भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे टाके पडत गेले, लक्षद्वीप, मालदीव, मग मॉरिशस. सुई सध्या मॉरिशसशेजारच्या रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे. (सगळ्यांना हे पटत नाही, वाद आहेत.) तिथल्या 2632 मीटर उंच ज्वालामुखीचं नाव पितों द ला फूर्नेज, आणि फूर्नेज म्हणजे खरंच भट्टी.

जगभरचे शास्त्रज्ञ याच्या मागे का लागतात, तर एक म्हणजे हा वारंवार पेटतो, सतराव्या शतकापासून दीडशेहून जास्त उद्रेकांची नोंद आहे, दुसरं म्हणजे लाव्हा पातळ, आणि बहुतेक वेळा तो एका मोठ्या निर्मनुष्य खोलगट भागातच वाहतो, त्यामुळे जवळ यंत्रं लावून अभ्यास करता येतो. अर्थात नेहमी नाही, 1977 मध्ये लाव्हा एका गावात शिरला आणि त्यानंतर 1979 मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. दूध उतू जायच्या आधी साय फुगते ना, तसा उद्रेकाआधी हा डोंगर काही सेंटीमीटर फुगतो आणि खाली बारीक भूकंप सुरू होतात. मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत सूक्ष्म थरथरत असते, एरवी हा निव्वळ कचरा डेटा, पण संशोधकांनी त्यातूनच हिशोब काढला की डोंगराच्या आतून लहरी किती वेगाने जातात, आणि उद्रेकाच्या काही दिवस आधी हा वेग अगदी किंचित कमी होतो असं याच ज्वालामुखीवर दिसलं!

एप्रिल 2007 मध्ये तर लाव्हा खालच्या उतारावरून इतका बाहेर पडला की आतलं रिकामं झालं आणि माथ्यावरच्या विवराचा तळ 300 मीटरहून जास्त खचला, तोही एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा यंत्रांनी टिपला.

मग डिसेंबर 2010 नंतर जून 2014 पर्यंत हा गप्पच होता, अशा ज्वालामुखीसाठी एवढी सुट्टी म्हणजे लांबच. पण साडेतीन वर्षांत बोटभरसुद्धा माती तयार होत नाही, आणि आमच्या अंगणाखालचा लाल पट्टा चार फुटांचा होता.