मनगटावरचा ओळंबा

काचेची पाठ असलेलं एखादं ऑटोमॅटिक घड्याळ हातात घ्या. पाठ स्वतःकडे करून ते उभं धरा आणि हळूहळू गोल फिरवा. आत अर्धगोल आकाराचा धातूचा एक तुकडा दिसेल. हा रोटर. घड्याळ कसंही वळवलं तरी त्याची जड कड खालीच राहते. गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो जमिनीकडे रोखलेला असतो आणि घड्याळ त्याच्याभोवती फिरतं. आता घड्याळ आडवं धरा, तबकडी वर किंवा खाली, आणि तितक्याच संथपणे फिरवा. रोटर बहुधा घड्याळाबरोबरच वळेल. गुरुत्वाकर्षण गेलेलं नसतं, पण ते आता रोटरच्या आसाच्या दिशेने ओढतं आणि त्या ओढीने रोटर फिरत नाही.

हाताच्या हालचालीने घड्याळाला आपोआप चावी बसते, असं आपण म्हणतो. पण सगळ्या हालचाली सारख्या कामाच्या नसतात, हे या छोट्या प्रयोगात कळतं. चालताना हात खाली सुटलेला असतो, घड्याळ उभं असतं आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर त्याचा कोन बदलतो. रोटरला याहून चांगलं काही मिळत नाही. उलट कीबोर्डवर बोटं दिवसभर चालली, तरी मनगट आडवं आणि जवळजवळ स्थिर असतं. दमून घरी आलेल्या माणसाचं घड्याळ पहाटे बंद पडतं ते यामुळे.

गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला जडत्वही आहे. मनगट झटकन वळलं की रोटर क्षणभर मागे राहतो आणि तेवढ्यानेही घड्याळ चालवणारी स्प्रिंग थोडी आवळली जाते. अंतराळवीर विल्यम पोग १९७३-७४ मध्ये ८४ दिवस स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर होते, तेव्हा त्यांच्याकडे सेइकोचं ऑटोमॅटिक घड्याळ होतं. रोटरने लोंबावं अशी ‘खालची’ दिशाच तिथे नव्हती, तरी ते घड्याळ चालत राहिलं. मला हा या यंत्राचा सर्वांत सुंदर पुरावा वाटतो.

रोटरच्या कडेला टंगस्टनसारखा जड धातू वापरतात, कारण वजन आसापासून जितकं दूर तितका त्याचा जोर जास्त. तरीही तो जोर स्प्रिंग थेट आवळण्याइतका नसतो. म्हणून मध्ये दातेरी चाकांची साखळी असते. साधारण शे-दीडशे फेरे रोटरने मारावेत, तेव्हा स्प्रिंग जिच्यात गुंडाळलेली असते त्या डबीचा आस एकदा फिरतो. बऱ्याच घड्याळांत रोटर डावीकडे वळो की उजवीकडे, चाकांची एक जोडी त्या दोन्ही फेऱ्यांना एकाच दिशेला वळवते.

एवढ्याने भागतं, कारण घड्याळाचा खर्चच अगदी कमी असतो. पूर्ण आवळलेल्या स्प्रिंगमध्ये एक ज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा असते. १०० ग्रॅम वजन मीटरभर उचलायला याहून जास्त लागते. तेवढ्यावर नेहमीचं घड्याळ सुमारे ४० तास चालतं. समजा, रात्री दहाला भरलेलं घड्याळ काढून ठेवलं आणि सकाळी आठला घातलं. दहा तास गेले, तीस उरले. पुढे दिवसभर घड्याळ चालत असतंच, म्हणून रोटरला रात्रीची तूट आणि चालू खर्च दोन्ही भरून काढायचे असतात. रोज घालणाऱ्याच्या हातावर हे सहसा जमतं. दोन दिवस कपाटात राहिलं तर मात्र ते थांबणारच, त्यात बिघाड काही नाही.

मग दिवसभर भटकणाऱ्याच्या हातावर स्प्रिंग जादा आवळून तुटत का नाही? साध्या चावीच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते नुसतं भिंतीवर दाबून बसतं आणि ताण वाढला की घसरतं. या सोयीमुळे स्प्रिंग दिवसभर भरलेल्या अवस्थेच्या आसपास राहते. त्याचा फायदा अचूकतेला होतो. स्प्रिंग सैल पडत जाते तसा बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाचा, झोका लहान होतो आणि घड्याळाची चाल बदलते. रोज वापरलेलं घड्याळ वेळ अधिक एकसारखी दाखवतं ते म्हणून.

ही कल्पना मनगटी घड्याळाहून जुनी आहे. घड्याळजी अब्राहम-लुई पेर्ले यांनी बनवलेल्या खिशातल्या घड्याळाबद्दल १७७७ मध्ये जिनिव्हात असा अहवाल दिला गेला की, ते खिशात ठेवून माणूस पंधरा मिनिटं चालला तर ते आठ दिवस सुरू राहतं. पण खिशात घड्याळ फारसं वळत नाही. जागा बदलली तेव्हा कल्पनेला बहर आला. जॉन हारवुड यांनी १९२०च्या दशकात मनगटी ऑटोमॅटिक बनवलं. त्यातलं वजन थोडंच फिरून दोन्हीकडच्या स्प्रिंगांवर आपटायचं. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला.

रोज घालूनही घड्याळ रात्री थांबत असेल, तर आधी एक साधी तपासणी करा. चावीने भरता येत असेल तर तीस-चाळीस वेळा फिरवून ते पूर्ण भरा, न हलवता ठेवा आणि किती तास चालतं ते पाहा. सांगितलेले तास भरले, तर स्प्रिंग ठीक आहे. हाताची हालचाल कमी पडते आहे किंवा रोटरकडची चाकं नीट काम करत नाहीत. रोज थोडी चावी देऊन बघा. तास कमी भरले, तर डबीच्या भिंतीवरचं खास ग्रीस संपून स्प्रिंग वेळेआधीच घसरत असेल, किंवा आतलं तेल सुकलेलं असेल. तेव्हा घड्याळ कितीही हलवून उपयोग नाही, ते घड्याळजीकडे न्यावं लागेल.