‘येतो’ आणि ‘इत्तेकिमास’

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मराठी शिकणारा परदेशी पाहुणा दारात उभा राहून ‘बरं, मी जातो’ म्हणाला, तर व्याकरण बिनचूक असतं. आजीच्या कपाळावर मात्र आठी पडते. भाषावैज्ञानिक जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये नेमक्या अशा चुकांवर बोट ठेवलं. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, शिकतोय बिचारा. बोलण्याची रीत चुकली तर म्हणतो, माणूसच उद्धट दिसतोय!

तरीही परकीय भाषेच्या वर्गात संस्कृती बहुधा सणासुदीच्या पक्वान्नासारखी येते. जपानीच्या वर्गात एक दिवस किमोनो, एक दिवस ओरिगामी, आणि सोमवारी पुन्हा क्रियापदं. अमेरिकेत १९९६ मध्ये परभाषा शिक्षणाची मानकं आली, त्यांत संस्कृतीचे तीन पदर मानले आहेत : वस्तू, रीती आणि त्यांमागची दृष्टी. पाठमाला आखताना तिन्ही एकाच धाग्यात ओवले, तर क्रियापदंही त्यातच शिकवता येतात.

‘उंबरठा’ हा विषय घेऊ. आखणी शेवटापासून करायची. पाठमाला संपल्यावर विद्यार्थ्याला काय जमायला हवं? जपानी मित्राच्या घरी जाणं आणि तिथून नीट निघणं. हे ठरलं की बाकीचं मागे मागे येत लावता येतं.

पहिल्या तासाला ‘गेनकान’चा, म्हणजे जपानी घराच्या प्रवेशजागेचा फोटो दाखवायचा. काही समजावून सांगायचं नाही. दिसतंय ते एका बाजूला लिहायचं, वाटतंय ते दुसऱ्या बाजूला. खालच्या पातळीवर बूट, मग एक पायरी, मग घर. बुटांची तोंडं दाराकडे का वळवलेली आहेत? चपला दाराशी काढणाऱ्या मराठी मुलांना निम्मी उत्तरं आधीच ठाऊक असतात.

मग भाषा. घरातून निघणारा म्हणतो ‘इत्तेकिमास’, घरातले म्हणतात ‘इत्तेराश्शाई’. पहिल्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’, दुसऱ्याचा ‘जाऊन या’. रचनाही आपल्यासारखीच : आपलं ‘-ऊन’ आणि पुढे ‘येणे’, तसं त्यांचं ‘-ते’ आणि पुढे ‘कुरु’, म्हणजे येणे (‘किमास’ हे त्याचंच रूप). हे इंग्रजीच्या वाटेने शिकवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. परतल्यावर ‘तादाइमा’, त्याला उत्तर ‘ओकाएरी’.

इथे वर्ग खूश होतो, आणि खरं काम इथेच सुरू होतं. आपण दुसऱ्याच्या घरातून निघतानाही ‘येतो’ म्हणतो. जपानी पाहुणा तिथे ‘इत्तेकिमास’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘ओज्यामा शिमाशिता’, म्हणजे साधारण ‘तुम्हाला त्रास दिला’. उलट, ऑफिसातून कामासाठी बाहेर पडणारा कर्मचारी सहकाऱ्यांना ‘इत्तेकिमास’ म्हणतो. कारण ‘उची’ म्हणजे घर, आणि आपला गोटही. त्यापलीकडचं ते ‘सोतो’. ही झाली दृष्टी, आणि ती व्याख्येतून नाही, साम्य जिथे तुटलं तिथून हाती लागते. माझ्या मते पाठमालेचा सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

‘जपानी माणसं अशीच असतात’ हे वाक्य मात्र वर्गात येऊ देऊ नये. कोण, कोणाला, कुठे म्हणतं एवढंच विचारावं.

परीक्षा म्हणून एकाच विद्यार्थ्याला दोनदा निघायला लावायचं : एकदा स्वतःच्या घरातून, एकदा मित्राच्या. (जपानीच्या प्रसिद्ध जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे ही तपासणी शिक्षकालाच करावी लागते.)

गृहपाठ मराठीचा. आठवडाभर आपल्याच घरी कान देऊन ऐकायचं : ‘येतो’ कोण म्हणतं, कुठे म्हणत नाही? कोणीतरी हमखास लिहून आणतं की आई समाचाराला गेली होती, आणि तिथून काहीच न बोलता उठून आली.