चिकलठाण्याची धावपट्टी: ६,००० फुटांपासून पुढे

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा इतिहास समजून घ्यायचा, तर टर्मिनल नव्हे, धावपट्टी पाहावी. वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांना घेऊन विमाने येत होती, तेव्हा ती साधारण ६,००० फुटांची होती. पूर्व-पश्चिम आखलेली म्हणून क्रमांक ०९ आणि २७, म्हणजे ९० आणि २७० अंश, शेवटचे शून्य गाळून.

विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५८२ मीटर, आणि त्यावर मराठवाड्याचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. तेवढ्याच वजनाचे विमान जानेवारीतल्या सकाळपेक्षा एप्रिलच्या दुपारी जास्त लांब धावल्याशिवाय उठत नाही. पट्टी अपुरी पडली की सामान, प्रवासी किंवा इंधन कमी करावे लागते.

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ इथून ११८ जणांना घेऊन मुंबईकडे निघाले. पट्टी संपत आली तेव्हा कुठे ते उचलले गेले. टोकाबाहेरून बीड रस्ता जात होता आणि त्यावर कापसाच्या गाठींचा ट्रक होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते उच्चदाबाच्या तारांत सापडून कोसळले. ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणे नोंदवली गेली: वैमानिकांनी नाक उशिरा उचलणे आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणे. दुसरे अधिक बोचते; त्याला एक फाटक आणि एक माणूस पुरला असता.

पुढे पट्टी ९,३०० फुटांची झाली, २००८ च्या सुमारास नवे टर्मिनल आले. मराठवाड्यातल्या हज यात्रेकरूंची विमानेही इथून सुटली. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा मात्र लांब पट्टी असूनही उड्डाणे घटली.

आता मागणी १२,००० फुटांची आहे. त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मूर्तिजापूरची जमीन लागते, आणि तिथे वस्ती आहे. शिवाय पट्टी सरकली की तिच्यासमोरचा उंचीच्या निर्बंधाचा टापूही सरकतो. त्यातल्या उंच बांधकामाला विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते.