डिझेल व बायोडिझेलमुळे होणारे मृदाप्रदूषण

टाकीची गळती, टँकरचा अपघात, गॅरेजमधली रोजची सांडलवंड किंवा शेतातल्या इंजिनाखालची ठिबक यांमुळे इंधन मातीत मुरते व तिचे भौतिक, रासायनिक आणि जैविक गुणधर्म बिघडतात, त्याला हे नाव आहे. डिझेल आणि बायोडिझेल दोन्ही माती बिघडवतात, पण निरनिराळ्या रीतीने.

डिझेल हे साधारण १० ते २२ कार्बन अणूंच्या शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय. बायोडिझेल म्हणजे करंज, सोयाबीन, पाम किंवा तळणीचे उरलेले तेल यांची मिथेनॉलशी प्रक्रिया करून मिळणारी मेदाम्लांची मिथिल एस्टरे. मेद पचवणे हे मातीतल्या असंख्य जीवाणूंचे नेहमीचेच काम असल्याने ही एस्टरे त्यांना सहज फोडता येतात.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर डिझेल जमिनीचा वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा योग्य मेळ, मोडते. मातीच्या कणांवर तेलाचा पातळ थर बसतो, पाणी आत न जिरता वरून ओघळते आणि कणांमधल्या पोकळ्या तेलाने भरतात. उरलेल्या हवेतला ऑक्सिजन तेलावर वाढणारे जीवाणू संपवतात. या तेलात कार्बन भरपूर, नत्र मात्र जवळजवळ नाही. म्हणून जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. हलक्या, बाष्पशील घटकांमुळे बियांची उगवण घटते, गांडुळे मरतात किंवा जागा सोडतात. चर्चा बहुधा विषारीपणाची होते. पण वास गेला, तेलाचे प्रमाण उतरले, तरी माती पाणी धरत नाही, हे नुकसान अधिक चिवट असते आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

डिझेल पाण्याहून हलके असल्याने भूजलापर्यंत पोचल्यास त्यावर तरंगत पसरते. वाळूसर जमिनीत ते झपाट्याने खाली जाते. चिकणमाती त्याला अडवते, पण काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्याला सरळ वाट करून देतात. खाली बेसाल्ट खडकाचे सांधे (फटी) असतील, तर विहिरीलाही धोका पोचू शकतो.

जीवाणू आधी सरळ साखळीची हायड्रोकार्बने संपवतात. फांद्या असलेली संयुगे मागे राहतात आणि अनेक वलयांची ॲरोमॅटिक संयुगे सर्वांत उशिरा जातात. थंडीत हे काम फार मंदावते. रशियाच्या अतिथंड आर्क्टिक भागातील नोरिल्स्कजवळ २९ मे २०२० रोजी औष्णिक वीज केंद्राची टाकी फुटून सुमारे २१,००० टन डिझेल वाहिले. त्यांतले सुमारे ६,००० टन जमिनीत गेले, बाकीचे नद्यांत.

पाण्यातील प्रयोगांत बायोडिझेल साध्या डिझेलच्या सुमारे चौपट वेगाने विघटित होते. त्यावरून ते मातीला निरुपद्रवी ठरवणे मात्र चूक आहे. वेगाने कुजणारे इंधन ऑक्सिजनही वेगाने खाते. मोठ्या गळतीनंतर जमिनीखाली हवा संपते आणि तिथे मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होऊ लागतो. बंदिस्त तळघराजवळ साचला, तर त्याचा भडका उडू शकतो. भारताच्या २०१८च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य आहे. अशा मिश्रणातला मोठा भाग खनिज डिझेलचाच राहतो, त्यामुळे गळतीत जुने प्रश्नही कायम राहतात.

उपाय वाफसा परत आणण्याचेच आहेत: माती उकरून ढीग करणे, तिच्यात हवा खेळवणे, ओल टिकवणे, कंपोस्ट व नत्र-स्फुरद देणे. खत बेताने द्यावे लागते, कारण क्षार वाढले की तेच जीवाणू दबतात. बाहेरून जीवाणू आणून सोडण्याचाही मार्ग आहे; टेरी या ऊर्जा व पर्यावरणावर काम करणाऱ्या भारतीय संशोधन संस्थेने तेलकट गाळासाठी ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूंचे मिश्रण विकसित केले. खोलवरच्या घट्ट चिकणमातीत मात्र हवाच पोचत नाही. तिथे बऱ्याचदा माती खणून बाहेर काढावी लागते.